पानी प्रोफेसोर आणि ११८० ची शाळा

आमच्या वॉर्सातल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे, पाठ अजून ताठ, आणि बर्फ पडत असला तरी सकाळचा पाव आणायला स्वतःच जाणार. आम्ही इथे राहायला आलो त्या वर्षीची गोष्ट. लिफ्टपाशी मी त्यांच्या शेजारी उभी होते. पन्नाशी उलटलेले, टक्कल पडलेले एक गृहस्थ बाहेरून आले. बाईंना पाहताच त्यांनी हातातल्या दोन्ही पिशव्या खाली ठेवल्या, टोपी काढली आणि म्हणाले, "जेन दोब्री, पानी प्रोफेसोर." बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कोटाचं वरचं बटण लावायला सांगितलं. त्यांनी ते मुकाट्यानं लावलं.

मला वाटलं, बाई विद्यापीठात शिकवत असणार. नंतर कळलं की त्यांनी सारा जन्म एका लित्सेउममध्ये इतिहास शिकवला. लित्सेउम म्हणजे आठवीनंतरची चार वर्षांची शाळा. आपली नववी ते बारावी धरा, फक्त मुलं वर्षभरानं मोठी. तिथे शिकवणाऱ्या प्रत्येकाला मुलं 'प्रोफेसर' म्हणतात. ती पदवी नसते, मान असतो. खालच्या शाळेत बाईंना नुसतं 'पानी', म्हणजे बाई, म्हणायचं आणि लित्सेउमच्या पहिल्या दिवसापासून 'पानी प्रोफेसोर'. माझी लेक त्या दिवशी घरी आली ती हेच सांगत. मला आमचं कोल्हापूरकडचं आठवलं. चौथीपर्यंत गुरुजी, आणि हायस्कुलात पाऊल टाकलं की सर. शब्द बदलला की आपण मोठे झालो असं वाटायचं. पाचवीतल्या पहिल्या आठवड्यात तोंडातून सवयीनं 'गुरुजी' निघालं की कानशिलं गरम व्हायची.

लेक आता शेवटच्या वर्षाला आहे. यंदा जानेवारीत तिची स्तुद्न्युफ्का झाली. 'स्तो द्नी' म्हणजे शंभर दिवस. मातुरा, म्हणजे शाळेची अखेरची परीक्षा, साधारण शंभर दिवसांवर आली की शेवटच्या वर्षाची मुलं शाळेत किंवा एखादं सभागृह घेऊन रात्रभराचा समारंभ करतात. पोलंडमध्ये लग्नाखालोखाल घरादाराची धावपळ कशासाठी होत असेल तर ती यासाठी. मुली लांब पोशाख शिवून घेतात, मुलगे बहुधा आयुष्यातला पहिला सूट घालतात. आणि सुरुवात ठरलेली: पोलोनेझ. तीन मात्रांचा, सावकाश चालीचा, जोड्याजोड्यांनी करायचा जुना नाच. नाच म्हणण्यापेक्षा चालणंच ते, पण असं चालणं की प्रत्येक तिसऱ्या पावलाला गुडघा किंचित लवतो आणि सगळी रांग पाण्यावरच्या नावेसारखी खालीवर होते. सगळ्यांत पुढे मुख्याध्यापक, मागे शिक्षक, त्यांच्यामागे मुलं. पुष्कळ शाळांत आता व्होइचेख किलार यांनी एका चित्रपटासाठी बांधलेला पोलोनेझ वाजवतात. २०२३ च्या डिसेंबरात युनेस्कोनं पोलोनेझला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मुलांना मात्र त्याचं फारसं काही नव्हतं. नोव्हेंबरपासून रोज तासांनंतर सराव करून त्यांचे पाय भरून आले होते.

पालकांना पोलोनेझपुरतंच थांबू देतात. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. दोनशे मुलं चारचारांच्या ओळी करत, कमानी करत, पुन्हा दोन ओळींत फुटत माझ्यासमोरून गेली. त्यांत कोण हुशार, कोण ढ, कोण कुणाशी बोलत नाही, यातलं काही दिसत नव्हतं. आपल्या पंढरीच्या वाटेवरचं रिंगण पाहताना जसा गळा दाटतो तसं काहीसं झालं.

त्या रात्रीच्या खाली समजुतींचा एक झरा वाहत असतो. मुलींनी पायाला लाल बंध बांधायचा आणि तोच मातुराच्या दिवशी पुन्हा बांधायचा. स्तुद्न्युफ्का झाली की मातुरा होईपर्यंत केस कापायचे नाहीत, नाहीतर त्यांच्याबरोबर विद्या जाते. परीक्षेला निघालेल्याला म्हणायचं, 'पोवामान्या प्यूरा', तुझा टाक मोडो! आणि ज्याला ही शुभेच्छा मिळाली त्यानं आभार मानायचे नाहीत. मानले की शुभेच्छा फुकट गेली. 'न्ये जेंकुयें' म्हणायचं, आभार मानत नाही. विनयासाठी ज्यांचा जीव जातो अशा या देशात हे एकच ठिकाण मला सापडलं जिथे आभार न मानणं हाच शिष्टाचार आहे.

समारंभाचे फोटो दाखवायला मी तिसऱ्या मजल्यावर गेले. पानी प्रोफेसोरनी चष्मा लावून एकेक फोटो पाहिला, दोन मुलांच्या उभं राहण्यावर शेरा मारला, आणि मग विचारलं, "प्वोत्स्कला गेलीस का कधी? माझी शाळा तिथली. जाऊन ये."

*

प्वोत्स्क वॉर्साच्या पश्चिमेला, बसनं दोनेक तासांवर. विस्वा नदीच्या, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातल्या व्हिस्तुलाच्या, उंच कड्यावर बसलेलं गाव. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ११३८ पर्यंत ही पोलंडची राजधानी होती. व्वादिस्वाव हेर्मान आणि त्याचा मुलगा वाकड्या तोंडाचा बोलेस्वाव, पोलंडचे हे दोन्ही ड्यूक तिथल्या कॅथेड्रलमध्ये पुरलेले आहेत. आज गावाची ओळख आहे ती मोठ्या तेलशुद्धीकरण कारखान्याची.

मी गेले तो रविवार होता. शाळा बंद. मला त्याचं वाईट वाटलं नाही. बंद शाळेकडे बाहेरून पाहण्यात एक वेगळी शांतता असते. कॅथेड्रलच्या टेकडीपासून थोडं चाललं की विटांचं जुनं बांधकाम आणि मनोरा दिसतो. सेंट मायकेलच्या नावाचं जे जुनं देवालय इथे होतं त्याच्या भिंतींचे अवशेष आजच्या इमारतीच्या पोटात सामावलेले आहेत. त्या देवालयाशी जोडलेली शाळा ११८० पासूनची. आजचं नाव मार्शल स्तानिस्वाव मावाखोव्स्की लित्सेउम, पण गावात आणि देशभर तिला लाडानं 'मावाखोव्यांका' म्हणतात. पोलंडमधली सर्वांत जुनी, अजून चालू असलेली, आणि तीही त्याच जागी असलेली शाळा.

११८० म्हणजे किती जुनं हे मला आकड्यानं कळत नाही. मी कोल्हापूरची. माझ्यासाठी ते साल म्हणजे दुसरा भोज शिलाहार राज्यावर होता आणि पन्हाळ्याचा किल्ला उभा राहत होता तो काळ. ज्ञानेश्वरी लिहिली जायला अजून ११० वर्षं होती. तेव्हा या कड्यावर काही मुलं बाकांवर बसून लॅटिन प्रार्थना पाठ करत होती. पन्हाळ्याच्या तटावर आज आपण फोटो काढायला जातो. इथे सोमवारी सकाळी घंटा होणार होती आणि कुणाचा तरी रसायनशास्त्राचा गृहपाठ राहिलेला असणार होता.

पण खरं सांगते, त्या दारासमोर उभी असताना माझ्या मनात आदराबरोबर एक शंकाही होती, आणि ती मी तशीच घेऊन परत आले.

शंका अशी. सलग ८४० वर्षांहून जास्त, हे म्हणायला ठीक. पण ही एकच शाळा कशी? सुरुवातीला ती देवालयाची शाळा. १६११ मध्ये जेझुइट नावाच्या कॅथलिक संघाचे पाद्री आले आणि ती त्यांचं कॉलेज झाली. १७७३ मध्ये पोपनं जेझुइटांचा संघच बरखास्त केला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला पोलंडच्या संसदेनं राष्ट्रीय शिक्षण आयोग नेमला. युरोपातलं पहिलं शिक्षण मंत्रालय म्हणून त्याच्याकडे बोट दाखवतात, आणि आजही पोलंडमध्ये शिक्षक दिन १४ ऑक्टोबरलाच असतो. तर शाळा या आयोगाकडे गेली. नवा अभ्यासक्रम, नवे शिक्षक. अजून नीट बसतंय न बसतंय तोच १७९३ मध्ये प्वोत्स्क प्रशियानं गिळलं. १८०७ मध्ये नेपोलियनच्या कृपेनं वॉर्साची डची, १८१५ पासून रशियाचा झार. १८३० चा उठाव, तो चिरडला. १८६३ चा उठाव, तोही चिरडला. त्याच्या पुढाऱ्यांपैकी एक, झिग्मुंत पाद्लेव्स्की, याला याच प्वोत्स्कमध्ये गोळ्या घातल्या. त्यानंतर शाळा झारची झाली ती पुरतीच. शिकवणं रशियनमधून, आणि पोलिश भाषा स्वतःच्याच गावात परकी भाषा शिकवावी तशी, ऐच्छिक.

मालक बदलला, धर्मसत्ता गेली, राजसत्ता गेली, भाषा गेली. मग उरलं काय? भिंत आणि पाटी? झारच्या हुकमानं, झारच्या भाषेत चाललेली ती वर्षं पोलिश शाळेच्या वयात कशी काय धरायची?

पानी प्रोफेसोरना मी हे विचारलं तेव्हा त्या चहात लिंबू पिळत होत्या. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चमचा बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "बाकावर कोण होतं?"

मी गप्प.

"पोरं आमची होती," त्या म्हणाल्या. "पोरं मोजायची."

*

त्यानंतरच्या दोन-तीन रविवारी मी त्यांच्याकडे जात राहिले. मला वाटतं मी त्यांच्या शेवटच्या वर्गात बसले.

त्यांनी मला नकाशा काढून दाखवला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. तीन साम्राज्यांनी तो वाटून घेतला होता, आणि तीन तुकड्यांत तीन प्रकारची शाळा होती.

ऑस्ट्रियाच्या तुकड्यात, क्राकोवमध्ये, तशी बरी स्थिती. १८६० च्या दशकात त्या प्रांताला स्वायत्तता मिळाली आणि शाळा पोलिशमधून चालू लागल्या. तिथली नोव्होद्वोर्स्की शाळा १५८८ ची, क्राकोवच्या विद्यापीठाच्या पंखाखाली सुरू झालेली. बार्त्वोमेय नोव्होद्वोर्स्की नावाच्या सरदारानं सतराव्या शतकात तिला पैसा दिला, म्हणून त्याचं नाव. पुढे तुर्कांचा वेढा मोडून १६८३ मध्ये व्हिएन्ना वाचवणारा राजा यान सोब्येस्की १६४० च्या सुमाराला तिथे शिकला. १८८० च्या दशकात त्याच शाळेत, तेव्हाच्या सेंट अ‍ॅन गिम्नाझियममध्ये, स्तानिस्वाव विस्प्यान्स्की आणि युझेफ मेहोफर हे दोघं एका वर्गात होते. पोलिश चित्रकलेतली ही दोन थोर नावं, पुढे दोघांनीही काचचित्रांत कमाल केली. आपल्या भाषेत शिकून ती मुलं मोठी झाली. पानी प्रोफेसोर प्वोत्स्कच्या असल्यामुळे क्राकोववाल्यांबद्दल बोलताना त्यांचा आवाज किंचित कोरडा होत असे. "चांगली शाळा आहे," त्या म्हणायच्या, "चारशे वर्षांनी लहान, पण चांगली."

प्रशियाच्या तुकड्यात व्झेश्न्या नावाचं छोटं गाव. १९०१ मध्ये तिथे धर्मशिक्षणाचा तासही जर्मनमधून घ्यायचं ठरलं. तो एकच तास तेवढा पोलिशमध्ये उरला होता. मुलांनी जर्मनमध्ये प्रार्थना म्हणायला नकार दिला. त्यांना छड्यांनी मारलं. आईबापांनी आवाज उठवला तर त्यांच्यावर खटले भरले, तुरुंगात टाकलं. ही मुलं लहान होती, प्राथमिक शाळेतली. देवाशी कुठल्या भाषेत बोलायचं एवढाच त्यांचा प्रश्न होता.

आणि रशियाचा तुकडा, ज्यात वॉर्सा आणि प्वोत्स्क. आपल्याकडे मेरी क्युरी सगळ्यांना माहीत असते, पण ती लहानपणी मान्या स्क्वोदोव्स्का होती आणि वॉर्सातल्या एका खासगी मुलींच्या शाळेत जात होती हे मला इथे येऊन नीट कळलं. त्या शाळेला दोन वेळापत्रकं होती. एक अधिकाऱ्यांना दाखवायचं, एक खरं. दाखवायच्या वेळापत्रकात वनस्पतिशास्त्र लिहिलेलं असायचं आणि वर्गात पोलंडचा इतिहास चालायचा. रशियन तपासनीस दारात आला की ठरावीक खुणेची घंटा वाजे. मुली पोलिश पुस्तकं लपवत आणि हातात शिवणकाम घेऊन बसत. तपासनिसानं विचारलं की झारांची नावं सांगायला उठवायचं ते मान्याला, कारण तिचं रशियन सर्वांत स्वच्छ. तिनं बिनचूक सांगितली, आणि तो गेल्यावर ती रडली. १८८३ मध्ये तिनं सरकारी गिम्नाझियममधून सुवर्णपदक घेऊन शिक्षण पुरं केलं, तेही रशियनमधूनच.

"तिला मोजायचं की नाही?" पानी प्रोफेसोरनी मला विचारलं.

मग १९०५ साल आलं. रशियात क्रांतीचे वारे होते, आणि वॉर्सापासून सुरू होऊन झारच्या पोलंडभर मुलांनी शाळांवर बहिष्कार टाकला. मागणी एकच, पोलिशमधून शिकवा. सरकारी शाळा बधल्या नाहीत, पण पोलिश माध्यमाच्या खासगी शाळांना परवानगी मिळाली. तिथल्या दाखल्याला सरकारदरबारी किंमत नव्हती. झारच्या विद्यापीठाचं दार त्यानं उघडायचं नाही. तरी लोकांनी मुलं तिकडे घातली. प्वोत्स्कमध्येही १९०६ मध्ये असं एक पोलिश गिम्नाझियम निघालं. पुढे मोठा कवी झालेला, प्वोत्स्कचाच व्वादिस्वाव ब्रोन्येव्स्की तिथे शिकला. माझ्या डोळ्यांसमोर ते आईबाप येतात. सरकारी दाखला हातात असताना तो सोडून बिनकिमतीचा दाखला मुलाला घेऊ द्यायचा, हे किती अवघड असेल. आपण आपल्या मुलांची शाळा निवडताना काय काय पाहतो ते आठवून मला बराच वेळ काही सुचलं नाही.

१९१८ मध्ये देश परत नकाशावर आला. शाळेनं नाव घेतलं ते स्तानिस्वाव मावाखोव्स्कीचं. हा १७८८ ते १७९२ च्या चार वर्षांच्या संसदेचा मार्शल, म्हणजे अध्यक्ष. ३ मे १७९१ ला ज्या संसदेनं पोलंडची राज्यघटना मंजूर केली ती. युरोपातली पहिली लिखित आधुनिक राज्यघटना म्हणून पोलिश माणसाला तिचा फार अभिमान. ती घटना दीड वर्षही धड टिकली नाही आणि पुढच्या चार वर्षांत देशच संपला. तरी ३ मे हा राष्ट्रीय सण आहे. त्याची सुट्टी उलटली की मातुरा सुरू होते. मावाखोव्यांकाच्या मुलांना दरवर्षी आपल्या शाळेच्या नावाच्या माणसाचा सण साजरा करूनच पेपरला बसावं लागतं.

*

१ सप्टेंबरला इथे शाळा सुरू होतात. मुलं पांढरे सदरे घालून, बाईंसाठी फुलं घेऊन जातात. शाळेचा ध्वज घेऊन तिघं विद्यार्थी पुढे येतात, हातात पांढरे हातमोजे, अंगावर तिरका पट्टा, राष्ट्रगीत होतं. लित्सेउमच्या नव्या मुलांना 'कोत', म्हणजे मांजर, म्हणतात. त्यांच्या गालांवर मिशा रंगवतात, त्यांच्याकडून कसली कसली कामं करून घेतात, मग शपथ होते आणि मांजरांची माणसं होतात. रोज हजेरीपटातला एक 'भाग्याचा आकडा' निघतो. तो ज्याचा, त्याला त्या दिवशी कुणी तोंडी प्रश्न विचारायचा नाही. हा सगळा आनंदाचा भाग. पण त्याच १ सप्टेंबरला पुष्कळ ठिकाणी भोंगे वाजतात, कारण १९३९ मध्ये त्याच पहाटे जर्मन तोफा सुरू झाल्या होत्या. फुलं हातात धरून मुलं स्तब्ध उभी राहतात. माझी लेक पहिल्या वर्षी घाबरून घरी आली होती.

युद्धात प्वोत्स्क थेट जर्मन राइशला जोडलं गेलं. पुढे गावाचं नावही बदलून जर्मन केलं. पोलिश माध्यमिक शाळा बंद. मे १९४० मध्ये नाझी पुढारी हिमलरनं लिहून ठेवलं होतं की पूर्वेकडच्या लोकांच्या मुलांना ५०० पर्यंत मोजता आलं आणि स्वतःचं नाव लिहिता आलं की पुरे. वाचता यायची गरज त्याला वाटत नव्हती. मग देशभर सुरू झाल्या कोंप्लेती. चारपाच मुलं, कुणाच्या तरी घरचं स्वयंपाकघर, एक शिक्षक. आठवड्याला घर बदलायचं. वही जवळ बाळगायची नाही. सापडलं तर छळछावणी, किंवा मरण. वॉर्सासारख्या ठिकाणी मातुरासुद्धा अशीच घरांत झाली.

पानी प्रोफेसोरच्या आई अशा वर्गात शिकल्या. त्या सांगायच्या की शिक्षक दर तासाच्या सुरुवातीला टेबलावर टिचकी मारायचे. ती घंटा.

तादेऊश माझोव्येत्स्की प्वोत्स्कचा. युद्ध लागलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता. १९४६ मध्ये त्यानं मावाखोव्यांकातून मातुरा दिली. १९८९ मध्ये तो पोलंडचा पंतप्रधान झाला, कम्युनिस्ट राजवटीनंतरचा पहिला. पानी प्रोफेसोरच्या घरी भिंतीवर पोप नाही, माझोव्येत्स्की आहे.

त्यांनी स्वतः त्या शाळेत १९६० च्या दशकात शिक्षण घेतलं. तेव्हा बाहीवर शाळेचं चिन्ह शिवून घालायची सक्ती होती. मुलं ते टाचणीनं लावत आणि फाटकाबाहेर पडताच काढत. "मी शिवलं होतं," त्या म्हणाल्या. "पक्क्या दोऱ्यानं."

*

हे सगळं ऐकून झाल्यावर एका रविवारी मी त्यांना माझं सांगितलं. खरं तर पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आज्जा म्हणायचो, कोल्हापूरजवळच्या उचगावचे. १९४३ मध्ये सोळा-सतरा वर्षांचे होते. शेजारच्या वळिवड्याला कोल्हापूर संस्थानच्या जागेवर लांबच लांब बराकी उभ्या राहिल्या आणि आगगाडीनं गोरी माणसं आली. बहुतेक बायका आणि पोरं. आज्जा तिथे दूध घालायला जायचे. त्यांना दोनच शब्द येत होते आणि ते त्यांनी मरेपर्यंत जपले: 'जेन दोब्री', नमस्कार, आणि 'म्लेको', दूध. मी पोलंडला निघाले तेव्हा नव्वदीच्या आसपास असलेल्या त्या माणसानं मला खाटेवरून हे दोन शब्द शिकवले. विमानतळावर उतरले तेव्हा माझ्याकडे तेवढंच पोलिश होतं.

ती माणसं कोण, कुठली, हे आज्जांना फारसं ठाऊक नव्हतं. फेब्रुवारी १९४० पासून सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सैबेरियात, कझाकस्तानात नेली. १९४१ मध्ये हिटलरनं रशियावर हल्ला केला, करार झाला, ती सुटली. पुढच्या वर्षी इराणमार्गे बाहेर पडली. वाटेत पुष्कळ मेली. त्यांतली सुमारे ५००० वळिवड्याला आली आणि १९४८ पर्यंत राहिली. तिथे त्यांनी चर्च केलं, नाटकं केली, स्काउटची पथकं चालवली. आणि शाळा. प्राथमिक, गिम्नाझियम, लित्सेउम, सगळी उतरंड. परत जायला देश आहे की नाही हे ठाऊक नसताना पोलिश इतिहास, पोलिश व्याकरण आणि लॅटिन.

आज्जा म्हणायचे, "अंगावर धड कापाड न्हवतं गं त्यांच्या. पर आल्या आल्या साळा काढली बघ."

फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित राहायला आले. आज ते गांधीनगर, कापडबाजारासाठी प्रसिद्ध. लग्नाच्या बस्त्यासाठी आम्ही तिथे कितीदा गेलो असू. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे. शाळेची सहल गेली होती तेव्हा मी त्याच्या पायरीवर बसून डबा खाल्ला होता.

पानी प्रोफेसोरनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग विचारलं, "लित्सेउम होतं म्हणालीस. मातुरा झाली तिथे?"

"झाली."

त्या उठल्या. कपाटातून जुनी वही काढली, चष्मा पुसला आणि मला 'वळिवडे' अक्षर अक्षर सांगायला लावून लिहून घेतलं. साल विचारलं, १९४३ ते १९४८. ते समोर लिहिलं. वही मिटताना स्वतःशीच म्हणाल्या, "तीही मोजायची."

*

मे उजाडला. इथे हॉर्स चेस्टनटची झाडं फुलली की लोक एकमेकांना म्हणतात, मातुरा आली. आमच्या रस्त्यावरच्या झाडांवर पांढरे तुरे मेणबत्त्यांसारखे उभे आहेत. लेकीचा पहिला पेपर पोलिशचा, चार तासांचा.

सकाळी सहाला उठून तिनं पांढरा ब्लाउज आणि काळा स्कर्ट घातला. जानेवारीपासून न कापलेले केस खांद्याखाली आलेत, ते घट्ट बांधले. लाल बंध बांधला असणार, मी विचारलं नाही. मी वाटीत दही-साखर कालवून ठेवली होती. इथलं दही आपल्यासारखं घट्ट लागत नाही, म्हणून रात्री स्वतः विरजण लावलं होतं. तिनं उजवा तळहात पुढे केला. मी चमचाभर दही ठेवलं, तिनं ते खाल्लं आणि वाकून नमस्कार केला.

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. दारात पानी प्रोफेसोर, पाव आणायला निघालेल्या. त्यांनी लेकीला नीट न्याहाळलं. ब्लाउजची कॉलर बरोबर होती, केस बरोबर होते. ओठाच्या कडेला राहिलेलं दही त्यांनी आपल्या रुमालानं पुसलं.

"पोवामान्या प्यूरा," त्या म्हणाल्या.

लेक ताठ उभी राहिली.

"न्ये जेंकुयें, पानी प्रोफेसोर."